मागची काच फुटली, आता पुढे काय?

(एपिसोड ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय ना' हे साधारण चाळीस वेळा काढून टाकलंय.)

सिटीबसमध्ये असाल, जिममध्ये असाल, किंवा एका कानात मी आणि दुसऱ्या कानात तुमचा मॅनेजर असा प्रकार चालू असेल, तरी स्वागत आहे.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की फोन, लॅपटॉप, इंटरनेट खूप झालं, जरा हाताला लागेल असं काहीतरी सांग. योगायोगाने गेले दोन आठवडे माझ्या हाताला एकच गोष्ट लागत होती, आणि अक्षरशः लागत होती. गाडीच्या मागच्या काचेचे तुकडे.

पुढच्या काचेबद्दल सगळे बोलतात. तिला तडा गेला की लगेच फोटो, लगेच गॅरेजचा नंबर. मागची काच मात्र आपल्या खिजगणतीत नसते. ती आपल्याला दिसते तीसुद्धा आरशात. आणि पुढच्या काचेसारखा तिला तडा वगैरे जात नाही. ती जाते तेव्हा पूर्णच जाते. एक आवाज, आणि डिकीत खडीसाखर सांडल्यासारखा ढीग.

असं का, हे आधी समजून घेऊ. कारण पुढचं सगळं, म्हणजे दुरुस्ती होते की बदलावीच लागते, जुनी चालते का, खर्च किती, हे त्यावरच ठरतं.

पुढची काच ही खरं तर सँडविच असते. काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. याला लॅमिनेटेड म्हणतात. याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०३ मध्ये एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून प्रयोगशाळेत एक काचेचा चंबू पडला. तडकला, पण विखुरला नाही. आत आधी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण सुकून त्याचा पापुद्रा काचेला चिकटून बसला होता. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आज तुमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर दगड आला की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते आणि काच जागेवरच राहते, ती या चंबूची कृपा.

मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. एकच जाड थर. कारखान्यात तिला आधी हव्या त्या आकारात कापतात, वाकवतात, वायपरसाठी भोक लागत असेल तर ते पाडतात, मग ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचा जोरदार मारा करतात. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसायला बघतो, पण वरचा थर त्याला आकसू देत नाही. परिणाम असा की काचेचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला गाभा कायम ताणाखाली. एकत्र कुटुंबासारखं. बाहेरून एकदम मजबूत, आत काय चाललंय ते घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त मार सहन करते. पण एकदा का एखादी टोकदार वस्तू वरचा थर भेदून गाभ्यापर्यंत गेली, की साठलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काचेचे बारीक चौकोनी तुकडे होतात. तुम्ही रील्समध्ये काचेचा तो थेंब पाहिला असेल, ज्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही, पण शेपूट मोडलं की भुगा होतो. प्रिन्स रूपर्टचे थेंब म्हणतात त्यांना. सतराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीतली मंडळी त्यावर डोकं खाजवत होती. तेच तत्त्व.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, मागच्या काचेला 'भरून देतो' हा प्रकार नाही. पुढच्या काचेचा बारीक टवका रेझीनने भरता येतो, हिचा नाही. दोन, ही काच नंतर कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणजे 'थोडी मोठी आहे, ॲडजस्ट करून बसवू' असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी काढा. मॉडेल, व्हेरिएंट, कधीकधी वर्षसुद्धा जुळावं लागतं.

तर, आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

मी राहतो सिडकोत. सिडको म्हणजे नाशिकचं, नवी मुंबईचं नव्हे, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी. इथे रात्री टोळक्याने येऊन रस्त्यावरच्या गाड्या फोडायच्या, ही बातमी नाशिककरांना नवीन नाही. पेपरात वाचायची सवय झाली होती. या वेळी ती आमच्याच गल्लीत आली. पहाटे तीनच्या सुमारास आवाज आले, खाली जाईपर्यंत मोटारसायकली पळालेल्या. नऊ गाड्या. कोणाचे आरसे, कोणाच्या बाजूच्या काचा. आमच्या हॅचबॅकची मागची काच. आणि आमच्या शेजारचे टॅक्सीवाले दादा, त्यांच्या सेडानचीही मागचीच.

कोणाचं कोणाशी भांडण होतं, आमच्या गल्लीचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. दोन पोरं दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतली असं ऐकलं. एकाचं वय सतरा. मला त्यावर भाषण द्यायचं नाहीये. पण एक सांगतो. त्या रात्री खाली उभे असताना लोक काचेबद्दल बोलतच नव्हते. माझी आई एकच विचारत होती, "गाडीत कोणी झोपलं असतं तर?" आणि दादा काहीच बोलत नव्हते. कारण सकाळी सहाला त्यांचं मुंबईचं भाडं होतं.

त्यांचा हिशोब साधा आहे. डिझेल, टोल, मेंटेनन्स जाऊन दिवसाला दीड-दोन हजार सुटतात. गाडी उभी राहिली की शून्य. मुलीच्या डिप्लोमाची फी त्याच महिन्यात भरायची. गाडीचं कर्ज फिटलं तसा त्यांनी फुल इन्शुरन्स बंद करून फक्त थर्ड पार्टी ठेवलेला. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपली काच कोणी फोडली तर त्यात एक रुपया मिळत नाही.

दादा म्हणाले, "भाऊ, प्लॅस्टिक लावतो आणि निघतो. पाहुणे मागे बसतील, त्यांना काय फरक पडतो?"

फरक पडतो. आणि हा या एपिसोडमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे, त्यामुळे हेडफोन नीट लावा.

गाडी पुढे पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. पावसाळ्यात गाडीची मागची बाजू सगळ्यात जास्त चिखलाने माखते, ती त्यामुळेच. मागे भोवरे तयार होतात आणि हवा उलटी ओढली जाते. तुमचा सायलेन्सर कुठे आहे? मागेच. मागची काच उघडी असेल तर तो धूर गाडीच्या आत खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. नाशिक-मुंबई चार-पाच तास मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला झोप आली तर कोणाला शंका येणार? आपण म्हणू, प्रवासाने पेंगुळला. फडफडणारं प्लॅस्टिक याला अडवत नाही, एक कोपरा सुटला की झालं.

गॅरेजपर्यंत पाच-सहा किलोमीटर जायचंय, ठीक आहे. प्लॅस्टिक चारही बाजूंनी रुंद टेपने पक्कं करा, पुढच्या दोन्ही काचा खाली घ्या, ब्लोअर मोठा ठेवा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवा. एसीचं 'आतलीच हवा फिरव' हे सेटिंग नको. मागे कोणाला बसवू नका. पण हायवेवर, प्रवासी घेऊन? नाही.

हे मी दादांना पहाटे साडेतीनला सांगितलं. ते ऐकून घेत म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, पण कॉम्प्युटरचा ना रे?" मी म्हटलं, "दादा, धूर कॉम्प्युटरच्या इंजिनिअरलाही चढतो." मग त्यांनी ते भाडं दुसऱ्या टॅक्सीवाल्याला दिलं. त्यांचं तोंड उतरलेलं दिसत होतं. दीड हजार गेले होते, सल्ला देणाऱ्याचं काय जातं?

सकाळी पोलिसांकडे गेलो. नऊ जण एकत्र. इथे एक टीप, गटाने जा. एकेकटा गेला की 'अर्ज देऊन ठेवा' ऐकायला मिळतं, नऊ जण गेले की खुर्च्या कमी पडतात आणि काम हलतं. भारतीय न्याय संहितेत याला कलम ३२४ लागतं. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याचं नाव आहे 'आगळीक'. मला हा शब्द ऐकून हसू आलं, शाळेत बाई म्हणायच्या तसं वाटतं. पण आगळीक तर आगळीक. कागदाची प्रत घ्या. मोडतोडीचा क्लेम करायचा तर विमा कंपनी ती मागते. काचेचा एकही तुकडा उचलण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, नंबर प्लेट दिसेल असा एक तरी.

आता माझ्या गाडीचा विमा. माझ्याकडे फुल पॉलिसी होती, आणि घरात सगळ्यांचं एकमत, 'क्लेम कर, त्यासाठीच तर भरतो.' मी एक्सेल उघडलं. (आमच्या जमातीचा रोग आहे तो.)

काचेच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की क्लेममध्ये काचेवर घसारा कापत नाहीत. रबर, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, काचेवर शून्य. म्हणजे नुसत्या काचेसाठी झिरो डेप असण्या-नसण्याने फरक पडत नाही, कडेची रबरपट्टी वगैरे सोडून. पण प्रत्येक क्लेमला एक सक्तीची वजावट असते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढे २,०००. तेवढे आपल्या खिशातून.

आणि खरी मेख आहे नो क्लेम बोनसमध्ये. एक वर्ष क्लेम नाही केला तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. सापशिडीतला तो नव्व्याण्णवचा साप.

मी होतो ४५ वर. क्लेम न करता पुढे गेलो तर ५० टक्के सूट, आणि तिथेच कायम. क्लेम केला तर पुढची वर्षं सूट अशी मिळणार: ०, २०, २५, ३५, ४५, आणि मग ५०. दोन्हीतला फरक जोडा. ५० अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५. झाले १२५ टक्के. म्हणजे साधारण सव्वा वर्षाचा ओडी प्रीमियम मी गमावणार. ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, सूट फक्त त्यावर असते, थर्ड पार्टीवर नसते. माझा तो भाग सूट धरण्याआधी येत्या वर्षांत सरासरी ५,००० धरला तर तोटा ६,२५०. काचेचा खर्च येत होता ५,६००. वजावट जाऊन विम्याकडून मिळणार ४,६००. म्हणजे ४,६०० घ्यायचे आणि ६,२५० सोडायचे.

नाही केला क्लेम. बाबांना अजून पटलेलं नाही. "मग विमा घेतोस कशाला?" हा त्यांचा प्रश्न. माझं उत्तर, गाडी चेपली तर, चोरीला गेली तर, त्यासाठी. काचेसाठी नाही.

पण हे माझे आकडे आहेत हं. तुमचा बोनस आधीच शून्य असेल, किंवा मागच्या पूर्ण काचेला पंचवीस-तीस हजार लागणारी मोठी गाडी असेल, किंवा 'एनसीबी प्रोटेक्ट' ॲड-ऑन घेतलेलं असेल, तर गणित उलटं होतं. काही पॉलिसींमध्ये फक्त काचेच्या क्लेमला बोनसला हात लावत नाहीत. पॉलिसीचा पीडीएफ ईमेलमध्ये पडलेला असतो, दहा मिनिटं द्या त्याला.

आता काच कुठून आणायची. तीन मार्ग.

पहिला, कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मी फोन केला, काच स्टॉकमध्ये नाही, मागवावी लागेल, सहा-सात दिवस, आणि भाव ९,२००, फिटिंग धरून. दुसरा, काचवाला. नाशिकमध्ये मुंबई नाका, द्वारका, सारडा सर्कल या पट्ट्यात गाडीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे विचारत गेलात की खास काचेचं काम करणारी माणसं सापडतात. तिथेच मला ५,६०० चा भाव मिळाला. तिसरा मार्ग, भंगार. सातपूर-अंबड लिंक रोडचा भंगार बाजार सगळ्या नाशिकला माहीत होता. महापालिकेने २०१७ मध्ये तो उठवला, पुन्हा उभा राहिला, २०२५ मध्ये पुन्हा मोठी कारवाई झाली. माणसं इकडेतिकडे पांगली, पण धंदा पांगून संपत नसतो. ज्याला हवं त्याला फोन नंबर मिळतो.

काच कोणतीही घ्या, कोपऱ्यातला शिक्का बघा. त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं आणि आयएसआयची खूण. गाडीच्या सेफ्टी ग्लासचा भारतीय मानक क्रमांक आयएस २५५३. शिक्काच नसलेली काच कितीही स्वस्त असली तरी नको. आणि एक गंमत सांगतो. आपण ज्याला 'कंपनीची काच' म्हणतो ती गाडीची कंपनी बनवतच नाही. असाही इंडिया, सेंट-गोबेन असे काच कारखाने बनवतात. तुमच्या गाडीच्या बाकीच्या काचांवरचा शिक्का वाचा. तेच नाव बाजारात मिळणाऱ्या काचेवर असेल तर मग जास्तीचे पैसे बरेचसे डब्याचे.

मागच्या काचेत अजून एक भानगड असते, डिफॉगर. त्या आडव्या बारीक तपकिरी रेघा. त्या म्हणजे चांदीयुक्त लेप काचेवर छापून भाजलेला असतो. बटण दाबलं की दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांमधून वीज जाते, रेघा गरम होतात, धुकं उडतं. काही गाड्यांत रेडिओची अँटेनासुद्धा त्याच काचेत असते. दुकानात 'विदाऊट लाइन' काच हजार-बाराशेने स्वस्त मिळते. नाशिकमध्ये राहणाऱ्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैमध्ये एकदा इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरून बघा. ढग गाडीत शिरतात की काय असं वाटतं. मागून कंटेनर येतोय आणि आरशात नुसता पांढरा पडदा. तिथे हजार रुपये आठवतात.

फिटिंग मी उभं राहून बघितलं. काचवाले काका साठीच्या पुढचे, हाताखाली एक पोरगा. काका तीस वर्षं हेच काम करतायत. पहिले जुन्या गाड्यांना रबरी बीडिंग असायचं, दोरी घालून ओढून काच बसवायचे, ते त्यांनी मला हाताने हवेत करून दाखवलं. आता काच चिकटवतात. बघण्यासारख्या गोष्टी सांगतो, कारण तुम्ही तिथे उभे असाल तर कामाचा दर्जा आपोआप वाढतो.

आधी सगळा चुरा व्हॅक्यूमने काढला. मग जुना गोंद. तो पूर्ण खरवडून पत्रा उघडा करत नाहीत, पातळ थर ठेवतात, नवा गोंद त्याच्यावरच उत्तम धरतो. पत्र्याला ओरखडा गेलाच तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत गंज आणि मग गळती. काचेच्या कडेला जी काळी पट्टी असते ती शोभेची नाही. ऊन लागून गोंद खराब होऊ नये म्हणून असते. ती पट्टी पुसून त्यावरही प्रायमर. मग गोंदाची एकसलग, न तुटलेली त्रिकोणी धार पूर्ण चौकटीवर. काकांचा हात बघत राहावा असा होता, जिलबी पाडणाऱ्यासारखा. मग दोघांनी व्हॅक्यूमच्या हँडलांनी काच उचलली आणि एकदाच टेकवली. उचलून पुन्हा ठेवणं नाही.

गोंद कोणता, हे विचाराच. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हवा. साधं सिलिकॉन नको. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसिड सुटतं, पत्रा खातं, डिफॉगरची जोडणीही खातं. आणि काच धरून ठेवायचं त्याचं कामच नाही, ते बाथरूमसाठी.

इथे मला एक नवीन गोष्ट कळली. पीयू वाळत नाही, तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. म्हणजे आपल्याला वाटतं कडक उन्हात लवकर सुकेल, प्रत्यक्षात एप्रिलच्या कोरड्या हवेत तो जास्त वेळ घेतो आणि दमट हवेत लवकर घट्ट होतो. काकांना हे शास्त्र वगैरे कोणी सांगितलेलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उन्हाळ्यात मी गाडी संध्याकाळपर्यंत सोडत नाही, पावसाळ्यात दुपारी देतो." ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. पहिला दिवस एक काच बोटभर खाली ठेवा, कारण सगळं बंद असताना दार जोरात आपटलं की आतली हवा ओल्या गोंदावरच्या काचेला बाहेर ढकलते. दोन दिवस प्रेशरने धुऊ नका, खड्ड्यांचे रस्ते टाळा. सिंहस्थाच्या कामांमुळे अर्धं शहर खोदलेलं असताना हा सल्ला कसा पाळायचा, ते मला विचारू नका.

आता दादांचं काय झालं. ५,६०० त्यांना परवडणार नव्हते, आणि मी देऊ केले तर ते घेणार नव्हते, तेवढं मी त्यांना ओळखतो. त्यांनी दोन दिवस फोन लावले. त्यांच्या मॉडेलची, पुढून धडकलेल्या गाडीतून काढलेली मागची काच अंबडच्या बाजूला मिळाली. २,००० रुपये. जुनी काच निघताना बऱ्याचदा फुटते, त्यामुळे अख्खी निघालेली मिळणं हेच नशीब. शिक्का बरोबर, कडेला टवका नाही. कडा मी बोट फिरवून तपासल्या, कारण कडेचा टवका म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आपोआप फुटण्याचं निमंत्रण.

एकच अडचण, काचेवर काळी फिल्म. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५०. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यावरच बंदी आणली. नंतर नियम बदलले, २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने नियमात बसणाऱ्या फिल्मला मुभा दिली. पण ही फिल्म कोणत्याच नियमात बसणारी नव्हती, आतून हातसुद्धा दिसत नव्हता. आणि टॅक्सीला कोण सोडतं? फिल्म काढायची, पण ती आतल्या बाजूने, नेमकी डिफॉगरच्या रेघांवर चिकटलेली. दुकानातला पोरगा ब्लेड घेऊन पुढे आला, काकांनी त्याच्या हातातून ब्लेडच काढून घेतलं. ब्लेडने फिल्मबरोबर रेघाही निघतात. मग साबणाचं पाणी, गरम वाफ, आणि रेघांच्या दिशेनेच हळूहळू सोलणं. दीड तास. दादा स्वतः बसले सोलायला. फिटिंगचे काकांनी १,२०० घेतले, बाराशेतही शंभराची नोट परत करत होते, दादांनी घेतली नाही.

एकूण ३,२०० आणि तीन दिवसांची बुडालेली भाडी. फीचा हप्ता त्यांनी कॉलेजकडून पुढे ढकलून घेतला.

पावसाळ्याआधी त्यांची काच मी मल्टिमीटरने तपासून देईन असं ठरलं होतं, पण त्याआधीच परवा त्यांचा घाटातून व्हॉइस नोट आला. अवकाळी पाऊस, धुकं, मागे प्रवासी गप्पा मारतायत, आणि दादा ओरडून सांगतायत, "भाऊ, लाइनी पेटल्या रे! खालून तिसरी तेवढी बंद आहे." त्या एका रेघेसाठी चांदीच्या रंगाची छोटी बाटली मिळते, तुटलेल्या जागी ब्रशने लावायची. मी मागवली आहे. गुरुवारी येईल.

चला, पुढच्या एपिसोडला भेटू. आणि हो, सीटबेल्टच्या खाचेत बोट घालण्याआधी टॉर्च मारून बघा. आमच्या गाडीत अजून खडीसाखर निघतेय.